लोकसभेचे पहिले सभापती : दादासाहेब मावळंकर

जुन्या ग्रंथालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जे नियमाने उपस्थित राहतात त्यांना तिचा क्रम पाठ असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते, हिशेब मांडले जातात, एक सभासद ठराव मांडतो, दुसरा त्याला अनुमोदन देतो, कोणी उपसूचना आणतो आणि अध्यक्ष ती आधी मताला टाकतात. नवख्या सभासदाला हा सारा रिकामा सोपस्कार वाटतो. ज्याचे म्हणणे बहुसंख्यांना रुचत नाही, अशा सभासदाला मात्र त्याचे मोल उमगते. आपले म्हणणे सभेपुढे येईल, त्याची नोंद होईल आणि त्यावर मते मोजली जातील, एवढी हमी त्याला या क्रमानेच मिळते. ही हमी देशाच्या सर्वोच्च सभागृहाला मिळवून देण्याचे काम ज्यांनी केले, ते गणेश वासुदेव मावळंकर महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी घराण्यातले होते. पुढे याच हमीच्या आधारे त्यांच्याविरुद्धही एक ठराव सभागृहापुढे आला.

मावळंकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. गणेश वासुदेवांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. गुजरातेत मराठी माणसाची वस्ती नवी नव्हती. अहमदाबादेवर तर १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता आणि त्या काळापासूनची दक्षिणी कुटुंबे तेथे रुजलेली होती. मावळंकरांचे प्रारंभीचे शिक्षण राजापूर व इतर काही ठिकाणी झाले. १९०२ मध्ये पुढील शिक्षणासाठी ते अहमदाबादेस आले आणि तेथलेच झाले. घरात मराठी, लोकव्यवहारात गुजराती आणि न्यायालयात इंग्रजी, असा त्रिविध वाग्व्यवहार त्यांच्या अंगवळणी पडला. त्यांनी ग्रंथलेखन केले ते मुख्यतः गुजरातीत. ज्या समाजात आपण राहतो त्याचे होऊन राहावे आणि आपले मूळही विसरू नये, ही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची रीत त्यांनी सहजपणे पाळली. दादासाहेब हे त्यांचे मराठी वळणाचे नाव पुढे साऱ्या गुजरातच्या तोंडी बसले.

१९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून विज्ञान विषय घेऊन ते बी. ए. झाले. वर्षभर दक्षिणा फेलो म्हणून काम केल्यावर ते मुंबईस कायद्याच्या अभ्यासाकडे वळले, १९१२ मध्ये ती परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली करू लागले. त्याच वर्षी ते गुजरात एज्युकेशन सोसायटीचे मानद चिटणीस झाले आणि १९१६ मध्ये गुजरात सभेचे. पुढील आयुष्यात त्यांनी जे केले त्याचे बीज या चिटणीसपणात आहे. चिटणीसाचे काम अनाकर्षक असते. भाषण दुसऱ्याने करायचे, टाळ्या दुसऱ्याने घ्यायच्या आणि ठरावाचा मसुदा, सभेची सूचना, सरकारी पत्रव्यवहार एवढे मात्र चिटणीसाने सांभाळायचे. परंतु चळवळीला कायदेशीर बैठक हवी असेल तर ती अशा कागदांतूनच तयार होते. १९१७-१८ च्या खेडा जिल्ह्यातील प्रकरणात याचा प्रत्यय आला. पीक चार आण्यांपेक्षा कमी आल्यास जमीन महसुलाची वसुली तहकूब व्हावी, असा सरकारी नियमच होता. त्या नियमावर बोट ठेवून गुजरात सभेने अर्ज केले, शिष्टमंडळे नेली आणि शेवटी शेतकऱ्यांनी तूर्त महसूल भरू नये असा सल्ला देणारे पत्रक काढले. महात्मा गांधी सभेचे अध्यक्ष होते. पुढचा खेडा सत्याग्रह इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याआधी नियमांच्या आधारे झालेल्या या लिखापढीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

१९१९ मध्ये मावळंकर अहमदाबाद नगरपालिकेवर प्रथम निवडून आले. मध्ये खंड पडत ते १९३७ पर्यंत तिचे सभासद राहिले आणि दोनदा अध्यक्षही झाले. सरदार वल्लभभाई पटेल आणि ते याच काळात एकमेकांच्या निकट आले. असहकाराच्या दिवसांत नगरपालिकेने आपल्या शाळांवरील सरकारी नियंत्रण नाकारण्याचा ठराव केला आणि सरकारने १९२२ मध्ये नगरपालिकाच बरखास्त केली. रीतसर मंजूर झालेला ठराव सत्तेला किती झोंबू शकतो, हे मावळंकरांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. १९२१-२२ मध्ये ते गुजरात प्रांतिक काँग्रेस समितीचे चिटणीस होते. मधला काही काळ ते स्वराज्य पक्षात रमले आणि १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी पुन्हा गांधीजींच्या मार्गावर आले.

१९३५ च्या कायद्यान्वये झालेल्या निवडणुकीत ते मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले आणि १९३७ मध्ये तिचे सभापती झाले. १७५ सभासदांचे हे सभागृह गुजराती, मराठी आणि कानडी मुलखांचे मिळून झालेले होते. बाळासाहेब खेर मुख्य मंत्री होते आणि विरोधी बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जमनादास मेहता यांच्यासारखे कायदा आणि अर्थकारण कोळून प्यालेले सभासद होते. अशा सभागृहात सभापतीला एक चुकीचा निर्णयही महाग पडतो. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले आणि सभागृहाचे काम थांबले. मावळंकर नावाने १९४६ पर्यंत सभापती राहिले, पण त्यातला मोठा काळ तुरुंगात गेला. निरनिराळ्या सत्याग्रहांत मिळून त्यांचा कारावास सुमारे सहा वर्षांचा भरतो.

१९४२ ते १९४४ या काळातील कारावासात त्यांचा सामान्य गुन्हेगार कैद्यांशी संबंध आला. त्यांतील काहींच्या खऱ्या कहाण्या त्यांनी ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकात लिहिल्या. हे पुस्तक पुढे मराठीत आणि हिंदीतही आले. ज्याला बोलायला कोणी जागा देत नाही, त्याचे ऐकून घेण्याची वृत्ती त्या लेखनामागे आहे. सभापतिपदाचा अर्थही त्यांच्या लेखी याहून फार निराळा नसावा.

१९४६ च्या जानेवारीत ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य म्हणून दिल्लीस पोचले आणि लगेच अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. त्यांच्यासमोर सरकारी गोटाचा पाठिंबा असलेले सर कावसजी जहांगीर होते. २४ जानेवारीला मते मोजली गेली तेव्हा मावळंकरांना ६६ आणि जहांगीर यांना ६३ मते पडली. अवघ्या तीन मतांनी मिळालेल्या या आसनावर ते १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीपर्यंत बसले. त्या रात्री ते कायदेमंडळच संपुष्टात आले.

स्वातंत्र्यानंतर एक पेच उभा राहिला. घटना परिषदेकडे आता दोन कामे होती, राज्यघटना तयार करणे आणि दैनंदिन कायदे करणे. परिषदेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद हे त्याच वेळी अन्नमंत्रीही होते. कायदेमंडळ म्हणून परिषद भरली की मंत्र्याने तिला उत्तर द्यायचे, आणि तिचा अध्यक्षही तोच! हा तिढा सोडवण्यासाठी २० ऑगस्ट १९४७ रोजी मावळंकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. एकच परिषद दोन नात्यांनी स्वतंत्रपणे भरावी आणि कायदेमंडळ म्हणून भरताना तिचा सभापती वेगळा असावा, असा मार्ग समितीने सुचवला. त्यानुसार १७ नोव्हेंबर १९४७ रोजी मावळंकरांचीच सभापती म्हणून निवड झाली. नेमलेल्या मुदतीत, नेमलेल्या विषयापुरते बोलून, अमलात येईल असा मार्ग सांगणारी ही समिती नमुनेदार म्हणावी लागेल. सर्वच समित्यांचे तसे नसते.

२६ जानेवारी १९५० पासून हंगामी संसद अस्तित्वात आली तेव्हाही सभापती तेच होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे १९५२ रोजी नव्या सभागृहात सभापतीची निवड झाली. काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते, ४८९ पैकी ३६४ जागा. तरीही विरोधकांनी बिनविरोध निवड होऊ दिली नाही. त्यांच्या बाजूने शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे यांचे नाव मांडले गेले. सभापतीच्या निवडणुकीत नावे ही स्वतंत्र प्रस्तावांच्या रूपाने येतात. मांडलेल्या क्रमाने प्रस्ताव मताला टाकायचे आणि एक मंजूर झाला की पुढचे आपोआप बाद व्हायचे, अशी पद्धत असते. मावळंकरांच्या नावाच्या प्रस्तावाला ३९४ अनुकूल आणि ५५ प्रतिकूल मते पडली. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतील पहिल्या सभापतिपदासाठी दोन मराठी नावे समोरासमोर होती, ही गोष्ट आज क्वचितच कोणाच्या लक्षात असते.

आता मावळंकरांपुढील खरा प्रश्न असा होता. तीन मतांच्या फरकाने निवडून येणाऱ्याला सभागृह काय म्हणते त्याची सतत काळजी असते. इथे मात्र सत्तारूढ पक्षाच्या बाजूने कोणताही प्रस्ताव केव्हाही मंजूर होणार हे ठरलेले होते आणि सभापतीही त्याच पक्षाचे होते. मतमोजणीचा निकाल जर आधीच ठाऊक असेल तर सभा भरवायची कशाला? या प्रश्नाला मावळंकरांनी भाषणे देऊन उत्तर दिले नाही. त्यांनी समित्या नेमल्या.

लोकलेखा समितीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ही समिती १९२१ पासून होती. खर्च झालेला पैसा सभागृहाने मंजूर केला त्याच कामावर खर्च झाला की नाही हे पाहणे तिचे काम. परंतु ब्रिटिश अमदानीत तिचे अध्यक्षपद खुद्द अर्थखात्याच्या सदस्याकडे असे आणि तिचे कार्यालयीन कामही अर्थखातेच पाहत असे. ज्याचा हिशेब तपासायचा तोच तपासनीस, असा हा प्रकार होता. १९५० पासून समिती संसदेची झाली, सभापतीच्या नियंत्रणाखाली आली आणि मंत्र्याला तिच्यात जागा राहिली नाही. त्याच वर्षीच्या १० एप्रिलला अंदाज समितीची स्थापना झाली. लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते, तर अंदाज समिती पुढचा खर्च काटकसरीने कसा करता येईल ते पाहते. अनंतशयनम् अय्यंगार तिचे पहिले अध्यक्ष होते. सभागृहात दोन अडीच महिन्यांच्या अंदाजपत्रकी अधिवेशनात कोट्यवधी रुपयांच्या मागण्या भराभर मंजूर होतात. एखाद्या खात्याच्या अधिकाऱ्याला समोर बसवून, कागद मागवून, शांतपणे उलटतपासणी करणे पाचशे माणसांच्या सभेला शक्य नसते. पंचवीस तीस सभासदांच्या समितीला ते जमते.

मावळंकरांनी या समित्यांना एक वळण लावले. समितीची बैठक बंद दाराआड होते, तेथे गॅलरी नसते आणि वार्ताहर नसतात. त्यामुळे तेथे सभासद आपल्या मतदारांना ऐकू जावे म्हणून बोलत नाही. सत्तारूढ पक्षाचा सभासदही तेथे सरकारी खात्याला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो. या आर्थिक समित्यांच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येत नाही. म्हणजे विरोधी सभासदाला आपला मुद्दा अहवालात आणायचा तर इतरांना पटवून द्यावा लागतो आणि बहुमतवाल्यांनाही त्याचे म्हणणे उडवून लावण्यापेक्षा त्याच्याशी जुळवून घेणे सोयीचे होते. सभागृहात मते मोजून जे साधत नाही ते असे मते न मोजता साधते. विरोधी पक्षाच्या सभासदाला लोकलेखा समितीचे अध्यक्ष करण्याची प्रथा मात्र १९६७ मध्ये पडली, मावळंकरांच्या हयातीत नव्हे.

१४ जुलै १९५२ रोजी कामकाज सल्लागार समिती नेमली गेली. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे हे यापुढे केवळ सरकारने ठरवायचे राहिले नाही. सर्व प्रमुख गटांचे सभासद सभापतीच्या अध्यक्षतेखाली बसून ते ठरवू लागले. वरकरणी किरकोळ दिसणारी ही बाब वस्तुतः सर्वात मोलाची आहे. अल्पमतात असलेल्याजवळ मते नसतात, त्याच्याजवळ फक्त वेळ असतो. तोही हिरावला गेला तर त्याच्या हाती काही उरत नाही. १ डिसेंबर १९५३ रोजी आणखी तीन समित्या अस्तित्वात आल्या. मंत्र्यांव्यतिरिक्त इतर सभासदांची विधेयके आणि ठराव यांना न्याय मिळावा म्हणून एक. कायद्याने दिलेल्या अधिकारात सरकारी खाती जे नियम करतात ते मूळ कायद्याच्या मर्यादेत आहेत की नाहीत हे पाहणारी दुसरी. तिसरी आश्वासन समिती. मंत्री सभागृहात सांगतात, चौकशी करू, विचार करू, माहिती मागवली आहे. प्रश्न विचारणारा समाधानाने खाली बसतो आणि वर्षभरात सारे विसरतात. आश्वासन समितीने हे शब्द टिपून ठेवायचे आणि काही महिन्यांनी त्या खात्याला विचारायचे, पुढे काय झाले? कोणत्याही संस्थेच्या कार्यकारी मंडळाने उचलावी अशी ही कल्पना आहे. पण कार्यकारी मंडळांना ती फारशी आवडेल असे वाटत नाही.

लोकलेखा समितीत राज्यसभेचे सात सभासद घ्यावेत असा प्रस्ताव १९५३ मध्ये आला तेव्हा लोकसभेच्या सभासदांनी तीव्र आक्षेप घेतला. पैशाचा अधिकार लोकसभेचा, त्यात वरिष्ठ सभागृह कशाला, असा त्यांचा सवाल होता. शेवटी त्या सात जणांना घेण्यात आले, पण समिती लोकसभेचीच राहील आणि सभापतीच्याच नियंत्रणाखाली राहील, ही मर्यादा मावळंकरांनी स्पष्ट केली.

प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. उत्तर अपुरे वाटल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागण्याची सोय झाली. परंतु स्थगन प्रस्तावाच्या बाबतीत त्यांचे धोरण कठोर होते आणि वादाला तोंड फुटले ते येथेच. चालू कामकाज बाजूला सारून तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर चर्चा करावी, असा हा प्रस्ताव. ब्रिटिश अमदानीत लोकप्रतिनिधींच्या हाती सरकारला धारेवर धरण्याचे दुसरे प्रभावी साधनच नव्हते. सरकार पाडता येत नसे, निदान त्याची निर्भर्त्सना करता येई. म्हणून स्थगन प्रस्तावांचा तेव्हा सढळ वापर होई. मावळंकरांचे म्हणणे असे की, आता सरकार सभागृहाला जबाबदार आहे, प्रश्न, ठराव, अंदाजपत्रकावरील चर्चा, अविश्वासाचा प्रस्ताव अशी अनेक साधने हाताशी आहेत. तेव्हा स्थगन प्रस्ताव हा अपवाद म्हणूनच वापरला पाहिजे. तर्क बिनतोड होता. पण ज्या सभासदाचा प्रस्ताव सकाळी नाकारला जाई त्याला तर्काने समाधान होत नसे. त्याला एवढेच दिसे की, प्रश्न आज पेटलेला आहे आणि सभापती उद्याची वाट दाखवीत आहेत. मावळंकरांनाही ही उणीव जाणवली असली पाहिजे. कारण १९५३ मध्ये अल्पकालीन चर्चेची आणि १९५४ मध्ये लक्षवेधी सूचनेची पद्धत सुरू झाली. सरकारवर ठपका न ठेवता मंत्र्याला तातडीच्या प्रश्नावर निवेदन करायला लावणारी लक्षवेधी सूचना ही आपल्याच संसदेची उपज आहे. ती आधी आली असती तर पुढची कटुता काहीशी टळली असती, असे म्हणायला जागा आहे.

विरोधी पक्षाच्या मान्यतेविषयीचा त्यांचा निर्णयही असाच नियमाला धरून आणि परिणामांत दूरगामी ठरला. सभागृहाची गणपूर्ती एकदशांश सभासदांची. निदान तेवढे संख्याबळ असल्याशिवाय एखाद्या गटाला सभागृहातील पक्ष म्हणून मान्यता देऊ नये, असे त्यांनी ठरवले. १९५२ मध्ये विरोधकांत सर्वात मोठ्या कम्युनिस्ट पक्षाचे अवघे १६ सभासद होते. साहजिकच लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता मिळण्यास १९६९ साल उजाडावे लागले. २०१४ आणि २०१९ मध्ये हे पद पुन्हा रिकामे राहिले तेव्हाही वादात मावळंकरांच्याच दंडकाचा आधार घेतला गेला. विरोधकांना वेळ आणि समित्यांत जागा देणाऱ्या सभापतींनी केलेला एक दंडक पुढे विरोधकांच्या आड यावा, हे विचित्र खरेच.

पण ते सरकारपुढे वाकत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. संसदेचे अधिवेशन नसताना वटहुकूम काढण्याची सवय सरकारला लागू नये, यासाठी त्यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये सरकारला पत्रे लिहून हा मार्ग लोकशाहीला साजेसा नाही असे बजावले. पंतप्रधान पंडित नेहरू लोकप्रियतेच्या शिखरावर असताना त्यांच्याच पक्षाच्या सभापतींनी हे लिहिले होते. निवडून आल्यावर सभापतीने पक्षाच्या सक्रिय कामापासून दूर राहावे आणि त्याच्या मतदारसंघात कोणी उमेदवार उभा करू नये, या ब्रिटिश संकेतासाठीही ते झटले. दुसरा संकेत मात्र येथे रुजला नाही.

१८ डिसेंबर १९५४ रोजी मावळंकरांना सभापतिपदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेपुढे आला. स्वतंत्र भारतात असे प्रथमच घडत होते. ठराव विघ्नेश्वर मिश्र यांचा होता. स्थगन प्रस्तावांना संमती नाकारणे, प्रश्न नामंजूर करणे यांतून सभापतींनी सर्व पक्षांचा विश्वास राखण्यास आवश्यक असा निःपक्षपातीपणा सोडला आहे आणि वादाच्या प्रसंगी ते सरकारी पक्षाचे म्हणणे उचलून धरतात, असा आरोप त्यात होता. या बाबतीत राज्यघटनेची तरतूद नेमकी आहे. अशा ठरावाची निदान चौदा दिवस आधी सूचना द्यावी लागते. तो विचारासाठी असताना सभापती आसनावर बसू शकत नाहीत. मात्र एरवी समसमान मते पडल्यावरच मत देणाऱ्या सभापतीला त्या दिवशी इतर सभासदांप्रमाणे बोलता येते आणि पहिल्याच फेरीत मतही देता येते. न्यायाधीश त्या दिवसापुरता पक्षकार होतो आणि त्याला पक्षकाराचे हक्क मिळतात.

उपसभापती अय्यंगार आसनावर बसले आणि चर्चा झाली. नेहरूंनी ठरावावर कडक टीका केली, पण आपल्या पक्षाच्या सभासदांना त्यांनी पक्षादेशातून मोकळे केले. हा पक्षाचा प्रश्न नसून सभागृहाच्या प्रतिष्ठेचा आहे, प्रत्येकाने तसे समजून मत द्यावे, अशी त्यांची भूमिका होती. ठराव फेटाळला गेला. फेटाळला जाणार हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक होते. आरोपात तथ्य किती? मावळंकरांनी पक्षहितासाठी निर्णय दिले असे दाखवणारे काही नाही. पण शिस्तीचा आग्रह आणि प्रबळ सरकार या दोहोंचा परिणाम दुबळ्या विरोधकाला सारखाच जाणवतो, हेही खोटे नव्हे. त्या दिवसाचे खरे वैशिष्ट्य निकालात नाही. ज्या सभापतींवर सदस्यांचे हक्क डावलल्याचा आरोप होता, त्यांच्याच विरुद्धचा ठराव रीतसर कामकाजात आला, त्याला वेळ मिळाला आणि विरोधक मनातले सारे बोलले.

संसदेबाहेरचे त्यांचे व्याप थोडक्यात सांगितले तरी दमछाक होते. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी आणि गुजरात विद्यापीठाची उभारणी यांत कस्तुरभाई लालभाई प्रभृतींबरोबर त्यांचा वाटा होता. कस्तुरबा स्मारक न्यास आणि गांधी स्मारक निधी यांची धुरा त्यांनी वाहिली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्षही तेच होते. गांधीजींच्या या सत्याग्रही अनुयायाच्या नावाने आजही देशात नेमबाजीच्या स्पर्धा होतात. गांधीजींच्या सहवासाच्या आठवणी त्यांनी ‘संस्मरणो’ या गुजराती पुस्तकात लिहून ठेवल्या. लोकसभा हे सभागृहाचे आज सर्वांच्या तोंडी असलेले नावही १४ मे १९५४ रोजी त्यांनीच सभागृहात जाहीर केले होते.

१९५६ च्या आरंभी त्यांना हृदयविकाराने गाठले आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. सभापतीच्या मतदारसंघात लढत नसावी ही मावळंकरांची इच्छा त्यांच्या पश्चात अशा रीतीने, एकदाच पुरी झाली.

त्यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर १९७२ च्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. १९७५ च्या जुलैत, आणीबाणी पुकारल्यानंतर अधिवेशन भरले तेव्हा सरकारने एक प्रस्ताव मांडला. या अधिवेशनात केवळ सरकारी कामकाज चालेल, प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना आणि अशासकीय कामकाज स्थगित राहील, असा त्याचा आशय होता. प्रस्ताव रीतसर होता आणि बहुमताने मंजूरही झाला. दादासाहेबांनी वीस वर्षांपूर्वी घडवलेली बहुतेक साधने त्या एका ठरावाने गुंडाळली गेली. पुरुषोत्तमराव त्या सभागृहात बसलेले होते. उरलेल्या नियमांतून जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात ते आणीबाणीच्या विरोधात बोलत राहिले. ती भाषणे १९७९ मध्ये ‘नो, सर’ या नावाने अहमदाबादेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.